एका दिवसात विशाखापट्टणम: पहाटे कासवं, दुपारी पाणबुडी

तुम्ही छत्तीसगढमध्ये राहत असाल तर 'समुद्र बघायला जाऊ' असं म्हटल्यावर घरात काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. एक जण मुंबई म्हणतो, दुसरा पुरी, तिसरा गोवा. मग सुट्ट्या जुळत नाहीत, तिकिटं मिळत नाहीत आणि शेवटी सगळे मैत्रीबागेत जाऊन पांढरा वाघ बघून घरी येतात. आमच्या रुआबांधाच्या घरात हे निदान दहा वर्षं चाललं होतं. माझी आजी भंडाऱ्याहून लग्न होऊन भिलाईला आली, आजोबांनी प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसमध्ये नोकरी केली, निवृत्त झाले, गेले. आजी शहात्तर वर्षांची झाली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता. तिचं मोठं पाणी म्हणजे मरोदा टँक आणि शिवनाथ नदी.

या फेब्रुवारीत मी तिला विशाखापट्टणमला घेऊन गेले. सोबत ताई आणि तिचा सात वर्षांचा मुलगा. मुंबई आपल्यापासून अकराशे किलोमीटर, विशाखापट्टणम साधारण त्याच्या निम्मं. सप्टेंबर २०२४ पासून दुर्ग ते विशाखापट्टणम वंदे भारत धावते. पहाटे पावणेसहाच्या सुमाराला दुर्गहून सुटते आणि दुपारी पावणेदोनच्या आसपास तुम्हाला समुद्राच्या गावात सोडते. महासमुंद, टिटलागढ, रायगडा असं करत गाडी पूर्व घाटात शिरते. रायगड्यानंतर खिडकीची जागा सोडू नका. डोंगर, बोगदे आणि खाली हिरवी खोरी. आजीने त्या वेळात जपाची माळ बाजूला ठेवली होती, यावरून काय ते समजा.

गुरुवारी ही गाडी नसते. सोमवारी तिथलं प्राणिसंग्रहालय आणि पाणबुडी दोन्ही बंद असतात. म्हणून माझा हिशेब सोपा होता: शुक्रवारी निघायचं, शनिवार पूर्ण हातात ठेवायचा, रविवारी दुपारच्या गाडीने परत. आठ तास बसून गुडघे आखडतात, तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ मोकळी सोडा. या लेखात मी सांगणार आहे तो शनिवार. तुमच्या वेळची गाडीची वेळ तिकीट काढताना तेवढी बघून घ्या.

सूर्य समुद्रातून वर येतो

आपण मराठी माणसं समुद्र म्हणजे सूर्यास्त असं समजूनच वाढलेलो असतो. जुहू असो, गणपतीपुळे असो, सूर्य पाण्यात बुडतो आणि मग भेळ खायची. विशाखापट्टणम बंगालच्या उपसागरावर आहे, त्यामुळे इथे सगळं उलटं. सूर्य पाण्यातून वर येतो. म्हणजे ज्याला तो बघायचाय, त्याला उठावं लागतं.

फेब्रुवारीच्या शेवटी साडेपाचला हॉटेलमधून निघालात तर रामकृष्ण बीचवर, म्हणजे तिथले लोक ज्याला आर. के. बीच म्हणतात तिथे, अंधार असतानाच पोचता. शेजारी रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे, त्यावरून हे नाव. पहाटे फिरायला येणाऱ्यांसाठी बीच रोडवर गाड्या बंद ठेवतात, त्यामुळे म्हातारी माणसं आणि लहान मुलं रस्त्याच्या मधोमध निवांत चालतात. आजीला ते फार आवडलं. आमच्याकडे सेक्टरच्या रस्त्यावरसुद्धा असं चालता येत नाही, म्हणाली.

समुद्र तिने आधी ऐकला. अंधारात लाटांचा आवाज येत होता आणि ती थांबली. "प्लांटसारखा आवाज आहे," ती म्हणाली. भिलाईत राहणाऱ्यांना हे कळेल. रात्री तीन वाजता जाग आली की लांबून एक सलग घरघर ऐकू येते, ती कधीच थांबत नाही. मग साडेसहाच्या जरा आधी क्षितिजावर तांबडं फुटलं. मी फोटो काढत होते. आजीने हात जोडले आणि नंतर पायात चप्पल नाही, पदर खोचलेला, अशी पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी तिचा हात घट्ट धरला होता, आणि तुम्हीही धरा. आर. के. बीच दिसायला शांत, पण पाण्याखाली उतार एकदम खोल जातो आणि ओढ जोरदार असते. इथे पोहायला उतरून दरवर्षी माणसं जातात. पाय भिजवा, तेवढंच. मुलांना पाण्यात खेळायचंच असेल तर भीमिली रस्त्यावरच्या ऋषिकोंड्याला न्या. २०२० मध्ये 'ब्लू फ्लॅग' मिळालेल्या किनाऱ्यांपैकी तो एक आहे.

वाळूवर पडलेलं कासव

आता ज्यासाठी मी फेब्रुवारी निवडला ती गोष्ट.

डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या या किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला येतात. तुमच्यापैकी कोकणातल्यांना हे नवीन नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला, नाना फडणवीसांच्या गावी, २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवं वाचवायला सुरुवात केली आणि पुढे तिथला कासव महोत्सव सगळीकडे गाजला. तीच कासवं, तोच ऋतू, फक्त समुद्र दुसरा. पूर्व किनाऱ्यावर त्यांची संख्या मात्र कितीतरी जास्त. विशाखापट्टणमच्या उत्तरेला ओडिशात ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी फेब्रुवारी २०२५ मध्ये काही दिवसांत जवळजवळ सात लाख माद्या अंडी घालून गेल्या. विशाखापट्टणमला असा मेळा भरत नाही. इथे त्या एकेकट्या येतात, आणि येतात त्या चक्क शहराच्या मधल्या किनाऱ्यावर, जिथे समोर हॉटेलं आहेत आणि आइस्क्रीमच्या गाड्या.

सूर्य वर आल्यावर आम्ही वनखात्याच्या उबवणी केंद्राकडे चालत निघालो. वाटेत भाच्याने ते पाहिलं. भरतीच्या रेषेवर, वाळलेल्या शेवाळात, एक मोठं कासव उलटं न होता तसंच पडलं होतं. पाठ दोन हात लांब, रंग ऑलिव्हच्या फळासारखा राखट हिरवा. त्याला वाटलं झोपलंय. दोन कुत्री जवळ होती. ताईने त्याला मागे ओढलं तोवर त्याला कळलं होतं.

"पण याला तर पोहता येतं ना?"

हा प्रश्न तुमचीही मुलं विचारतील, म्हणून उत्तर तयार ठेवा. कासव मासा नाही. त्याला कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. श्वास घ्यायला वर यावंच लागतं. ट्रॉलर समुद्राच्या तळालगत लांबलचक जाळं ओढत नेतात, त्यात कोळंबी आणि माशांबरोबर कासवही अडकतं. जाळं बराच वेळ वर येत नाही. कासव पाण्यातच गुदमरतं. मग कोळी त्याला परत पाण्यात टाकतात आणि लाटा त्याला वाळूवर आणतात. अंडी घालायचा हंगाम आणि मासेमारीचा हंगाम एकाच वेळी, एकाच पाण्यात असतो. माद्या तर किनाऱ्याजवळच घुटमळत असतात.

यावर उपाय नाही असं नाही. जाळ्यात एक तिरकी लोखंडी जाळी आणि तिच्या वर किंवा खाली सुटायचं भोक बसवतात. कोळंबी गजांतून मागे जाते, कासव गजांना अडून भोकातून बाहेर पडतं. 'टर्टल एक्स्क्लूडर डिव्हाइस' किंवा टेड म्हणतात त्याला. पण कोळ्यांना विचारा, ते सांगतील की त्या भोकातून मोठे मासेही निसटतात आणि डिझेलचा खर्च तर तेवढाच राहतो. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या एका वयस्कर माणसाशी ताईने मोडक्या हिंदीत बोलायचा प्रयत्न केला. तो कासवाकडे बोट दाखवून हात जोडून काहीतरी म्हणाला. आम्हाला तेलुगू येत नाही. विष्णूचा कूर्मावतार असं काहीसं तो म्हणत असावा, असं आजीचं मत.

पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ती माशांच्या विणीसाठी. तोवर कासवांचा हंगाम संपत आलेला असतो.

उबवणी केंद्र म्हणजे काही इमारत नव्हे. वाळूवर जाळीचं कुंपण, आत ओळीने खड्डे, प्रत्येकावर छोटी पाटी: कुठल्या तारखेला, कुठे सापडली, किती अंडी. रात्री वनखात्याची माणसं आणि स्थानिक कोळी तरुण किनारा पिंजून काढतात. मादी वाळूत साधारण हातभर खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वर वाळू थापते आणि निघून जाते. वळून बघत नाही. मागच्या मागे कुत्री आणि कोल्हे खड्डा उकरतात. म्हणून ही माणसं अंडी बादलीत भरून काही तासांच्या आत कुंपणात आणून तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. म्हणजे पिल्लू नर होणार की मादी हे आईबापांवर नाही, ऊन्हावर ठरतं. ताईला हे इतकं पटलं की तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आम्ही नशीबवान. एका खड्ड्यातली पिल्लं रात्री वर आली होती. टोपलीत काळी, काडेपेटीहून लहान, सगळी एकमेकांच्या अंगावर चढत. कर्मचाऱ्याने टोपली पाण्यापासून काही पावलं लांब वाळूवर हळूच कलती केली. थेट पाण्यात सोडत नाहीत, कारण हे चालणं पिल्लांना लागतं. याच वाळूची खूण कुठेतरी त्यांच्यात राहते आणि मोठेपणी माद्या याच भागात परत येतात, असं मानतात. काही सरळ निघाली. दोन-तीन मागे वळून बीच रोडच्या दिशेने चालू लागली. कारण निसर्गात रात्रीचं सर्वांत उजळ काय, तर समुद्रावरचं आकाश. पिल्लं त्या उजेडाकडे जातात. आता शहराचे दिवे त्याहून उजळ आहेत, म्हणून जिथे कुंपण नसतं तिथली पिल्लं रात्री रस्त्याकडे चालत येतात. आमच्या वेळी दिवस उजाडला होता, तरी त्या दोघांनी दिशा चुकवलीच. कर्मचाऱ्याने त्यांना उचलून वळवलं.

पहिल्या लाटेने सगळी मागे फेकली. दुसऱ्या लाटेने अर्धी नेली. भाचा मोठ्याने मोजत होता, सत्तावीसपर्यंत आला आणि मग त्याला कोण मोजलेलं आणि कोण न मोजलेलं कळेना. मोठं होईपर्यंत जगणारं पिल्लू हजारात एखादं, असं अभ्यासक सांगतात. हे मी त्याला त्या वेळी सांगितलं नाही. आजीने विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या सासूबाईंची अकरा बाळंतपणं झाली, जगली चार." आणि मग बराच वेळ गप्प.

तुम्ही गेलात तर काही गोष्टी पाळा. पिल्लाला हात लावू नका, सेल्फीसाठी तळहातावर घेऊ नका. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. अंधारात मोबाइलचा टॉर्च आणि फ्लॅश बंद. पिल्लं कोणत्या दिवशी येतील हे कुणीच सांगू शकत नाही. आदल्या संध्याकाळी उबवणी केंद्रावर जाऊन विचारा, तिथली माणसं हाताने खुणा करून का होईना, सांगतात. आर. के. बीचवर नसेल तर पुढे जोडुगुल्लपालेम आणि सागरनगरच्या किनाऱ्यांवरही अशी केंद्रं असतात.

पेसरट्टू आणि मग जंगल

आठ वाजले आणि पोटात आग पडली. विशाखापट्टणममध्ये इडली-वड्यावर वेळ घालवू नका, पेसरट्टू मागवा. अख्ख्या हिरव्या मुगाचा डोसा, आत उपमा भरलेला, सोबत आल्याची तिखट-गोड चटणी. आजीने पहिला घास घेतला आणि जाहीर केलं की हे तर आपलं मुगाचं धिरडं. बरोबर आहे. तरी दोन खाल्ले.

तिथून आम्ही रिक्षा केली कंबालकोंड्याला. (मीटर नव्हता. सांगितलेल्या भाड्याच्या दीडपट शेवटी मोजले, कारण आजीने रस्त्यात उभं राहून भांडू दिलं नाही. तुम्ही ॲपवरून गाडी मागवा.) कंबालकोंडा अभयारण्य शहराच्या उत्तर टोकाला, राष्ट्रीय महामार्गाला लागून आहे. साधारण ७० चौरस किलोमीटर, पूर्व घाटाच्या टेकड्या आणि कोरडं सदाहरित जंगल. पूर्वी विजयनगरमच्या महाराजांच्या ताब्यात होतं. समुद्रापासून इतक्या जवळ, लाखो लोकांच्या शहराला चिकटून बिबटे राहतात, हे मला आधी पटलंच नव्हतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची आठवण होते, फक्त इथे गर्दी नाही. बिबट्याखेरीज चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, कोल्हे, अजगर, नाग असे सगळे आहेत.

तुम्हाला बिबट्या दिसणार नाही. मलाही दिसला नाही, आणि दिसेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इथे यायचं ते पायवाटेवर चालायला. सकाळी नऊलाच ऊन चढायला लागलं होतं, पण झाडीत शिरल्यावर गारवा. आम्ही तासभर चाललो. आजी प्रवेशद्वाराजवळच्या बाकावर बसून राहिली आणि तिथल्या झाडूवालीशी मैत्री करून आली. भाषा एकही सामाईक नव्हती, हे लक्षात घ्या. आम्हाला रानकोंबड्याची बांग ऐकू आली, कोतवाल पक्षी दिसला आणि बराच वेळ एका फांदीकडे बघत बसल्यावर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक. शेजारच्या मध्य प्रदेशचा तो राज्यपक्षी, तिकडे त्याला दूधराज म्हणतात. रिबीन हवेत सोडावी तसा तो या झाडावरून त्या झाडावर गेला. भाच्याने कासवाच्या पिल्लांनंतर पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, "याला कोण खातं?"

उतरताना पायवाटेच्या कडेला चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, एका जागी जळालेल्या गवताचा काळा पट्टा. सुट्टीच्या दिवशी मंडळी येतात, बसतात, जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे जंगल कोरडं ठणठणीत असतं, एक विडी पुरते.

महामार्गाच्या पलीकडे इंदिरा गांधी प्राणिसंग्रहालय आहे, १९७७ साली सुरू झालेलं, ६२५ एकरांत. तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला समुद्र. त्याचं एक दार महामार्गावर, दुसरं बीच रोडवर सागरनगरला. म्हणजे एका दाराने आत जा, दुसऱ्याने बाहेर पडा, पाय मागे वळवायचे नाहीत. सोबत खूप लहान मुलं असतील तर कंबालकोंडा सोडून सरळ इथे या. त्यांना जनावर दिसायला हवं असतं, आणि तेही बरोबरच आहे. आम्ही तासाभरात आटपलं. मैत्रीबागेच्या भिलाईकरांना पांढऱ्या वाघाचं कौतुक तेवढ्यापुरतंच.

लोखंडाचं गाव आणि लोखंडाचं बंदर

दुपारी जेवून जरा पडा. फेब्रुवारीतसुद्धा दुपारचा दमटपणा अंगावर येतो, आणि पाणबुडीचं संग्रहालय आठवड्यातल्या बहुतेक दिवशी दुपारनंतरच उघडतं.

आय.एन.एस. कुरसुरा बीच रोडवर, समुद्राकडे तोंड करून वाळूत उभी आहे. लांबी सुमारे ९१ मीटर. सोव्हिएत संघात बांधलेली, १८ डिसेंबर १९६९ ला भारतीय नौदलात आली, १९७१ च्या युद्धात होती, २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी तिला पाण्यातून ओढून इथे आणलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये लोकांसाठी खुली केली. आत नौदलातून निवृत्त झालेले लोकच माहिती सांगतात. सुमारे ७५ माणसं या नळीत महिना-महिना राहायची. एका बंकवर एक उठला की दुसरा झोपायचा. पाणी जपून, आंघोळ जवळजवळ नाहीच. पुढे सहा आणि मागे चार टॉर्पिडोच्या नळ्या. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला वाकून, पाय उचलून गोल दारातून शिरावं लागतं. म्हणून गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना आत नेऊ नका. आजी बाहेर सावलीत बसली.

बाहेर आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रशियन होती ना? मग टिकणारच." हे वाक्य भिलाईच्या बाहेर कुणाला कळणार नाही. भिलाईचा कारखाना १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत संघाच्या मदतीने उभा राहिला, पहिली ब्लास्ट फर्नेस फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली. आजोबांच्या आठवणींत रशियन इंजिनिअर होते, त्यांच्या बायका सेक्टरच्या बाजारात भाजी घ्यायला यायच्या. मैत्रीबागेतली 'मैत्री' ही तीच.

आणि लोखंडाचं नातं एवढ्यावर थांबत नाही. बस्तरच्या बैलाडिला डोंगरातलं लोहखनिज समुद्राकडे न्यायला १९६० च्या दशकात जपानच्या मदतीने कोत्तवलसा ते किरंदुल ही रेल्वे पूर्व घाट फोडून बांधली. छत्तीसगढचा डोंगर या बंदरातून जपानला गेला. भिलाईची पोलादी प्लेट मात्र समुद्रावर आलीच: २०२२ मध्ये कोचीला नौदलात दाखल झालेल्या नव्या विक्रांतसाठी लागलेल्या पोलादात भिलाईचा वाटा आहे. तिच्या आधीच्या विक्रांतच्या मागावर पाकिस्तानची गाझी पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री इथेच, या किनाऱ्यासमोर, बुडाली. भारताच्या म्हणण्यानुसार आपल्या राजपूत नौकेने तिला बुडवलं, पाकिस्तान अपघात म्हणतो. जवळच 'व्हिक्टरी ॲट सी' स्मारक आहे.

रस्त्यापलीकडे टीयू-१४२ हे नौदलाचं टेहळणी विमान ठेवलंय, २०१७ पासून. त्याच्या आत आजीही चढली. जिना धरायला कठडा आहे.

संध्याकाळ

आता इथे तुमचा मोह होईल. कुणीतरी सांगेल अराकू, बोरा गुहा. त्या साधारण ९० किलोमीटरवर आहेत, घाटातून. एका दिवसात समुद्रही आणि त्याही करायला गेलात तर दोन्हीकडे गाडीच बघाल. सिंहाचलमचं नरसिंहाचं देऊळ शहराजवळच आहे, ज्याची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते आणि फक्त अक्षय तृतीयेला उघडी दिसते. आजीला तिथे जायचं होतं, म्हणून ते रविवारी सकाळी ठेवलं. तेवढं जमतं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही भीमिली रस्त्याने तोट्लकोंड्याला गेलो. टेकडीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांवरून त्याला हे नाव पडलं. १९७० च्या दशकात नौदलाने जागेची पाहणी करताना हे सापडलं. खाली सगळा समुद्र दिसतो. भिक्खूंनी जागा निवडताना काही कमी केलं नव्हतं. गर्दी नाही, गोंगाट नाही, वारा भरपूर. पुढे मंगमारिपेटचा खडकातला नैसर्गिक कमान-दरवाजा आहे. ओहोटी असेल तर तिथल्या खडकांतल्या पाण्याच्या डबक्यांत बघा: इवले खेकडे, शंखात लपलेले प्राणी, बोट जवळ नेलं की मिटणारी समुद्रफुलं. भाचा तिथे अर्धा तास उकिडवा बसला. हात घालू नकोस, एवढंच सांगावं लागलं. ओहोटीची वेळ मोबाइलवर आधी बघून ठेवा, कारण भरती असेल तर तिथे नुसतं पाणी.

अंधार पडल्यावर परत आर. के. बीच. आता तिथे सकाळचं काही ओळखू येत नव्हतं. फुगे, घोडे, भाजलेली कणसं, हजारो माणसं. मुरी मिक्स्चर खाल्लं: कुरमुरे, कांदा, टोमॅटो, शेंगदाणे, लिंबू. भेळेची दूरची बहीण, चिंचेशिवाय. सोबत गरम पुनुगुलू, म्हणजे इडलीच्या पिठाची छोटी भजी. वरच्या मोठ्या दिव्यांनी वाळू दिवसासारखी पांढरी झाली होती. सकाळी पिल्लं जिथून पाण्यात गेली तिथे एक घोडेवाला मुलांना फेऱ्या मारून आणत होता. कुंपणाच्या आत मात्र काळोख ठेवला होता आणि दोन तरुण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होते. रात्रपाळी. आजीने मुरी मिक्स्चरचे दोन कागदी पुडे घेतले आणि त्यांना नेऊन दिले. प्लांटमध्ये आजोबांची नाइट असायची तेव्हा ती डबा द्यायची तसे.

भाचा त्यांना विचारत होता, सकाळच्या किती गेल्या. एकाने वही उघडली, टॉर्च खाली वाळूकडे धरला आणि आकड्यावर बोट ठेवलं. अठ्ठ्याण्णव. भाच्याने ते माझ्या मोबाइलमध्ये लिहून घेतलं. रविवारच्या गाडीत रायगडा सोडल्यावर बोगद्यांमध्ये नेटवर्क जात-येत होतं, तेव्हा त्याने मला ते पुन्हा उघडायला लावलं आणि विचारलं, आत्तापर्यंत ती कुठे पोचली असतील.